हरली की येईल घरी

मिलिंद, तू गेल्यापासून तुझी लेक माझ्याशी बोलत नाही.

म्हणजे तसं बोलते. 'चहा टाकू का' विचारलं की 'आयॅम ग्रँड' म्हणते, म्हणजे नको, मी मजेत आहे. 'जेवलीस का' विचारलं तरी 'आयॅम ग्रँड'. रडून रडून डोळे सुजलेत, तरी ग्रँड. या आयर्लंडात माणसाच्या घराला आग लागली तरी तो ग्रँडच असतो, असं तू म्हणायचास आणि आपण दोघं हसायचो. आता तेच एका घरात राहून, एका टेबलाशी बसून रोज ऐकायचं म्हणजे काय, ते कोणाला सांगू? जुईची तक्रार ऐकायला आजवर तूच होतास.

तिचं म्हणणं एकच आहे. अमेरिकेहून आली त्या दिवशी अंगातला कोटही न काढता, दारातल्या पायपुसण्यावर उभी राहून तिने ते सांगून टाकलं. "यू आर अ डॉक्टर, आई. यू न्यू." तू डॉक्टर आहेस, तुला माहीत होतं, आणि तू मला वेळेवर बोलावलं नाहीस. त्यानंतर या विषयावर तिने चकार शब्द काढलेला नाही.

आणि मी, जी कधी कोणाचं ऐकून घेत नाही, ती गप्प आहे. कारण खरं सांगायचं तर 'तुझ्या बाबाने मला बजावलं होतं, तिला सांगायचं नाही' असं सांगावं लागेल. आत्ता तिच्याकडे तुझ्याबद्दल जे आहे ते सगळं चांगलंच आहे. ती खोलीत भिंतीला टेकून फोनवर तुझे जुने व्हिडिओ बघते, आणि जिन्यावर मला तुझा आवाज ऐकू येतो. त्यात मी हे कसं नेऊन टाकू? आणि नाही टाकलं तर ती अशीच परत जाईल. तिचा बाप गेलाच आहे, मग आईही गेल्यातच जमा. तुझं नाव राखू की माझी मुलगी राखू, एवढाच प्रश्न आहे. तू सुटलास, म्हणून तुलाच विचारते आहे.

ते बोलणं आपलं गाडीत झालं होतं. फेब्रुवारीच्या अखेरीस, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, हातात तुझा नवा स्कॅन. ज्या इमारतीत मी रोज काम करते तिच्याकडे पाठ करून आपण बसलो होतो. मी तुला स्पष्ट सांगितलं, की कॅन्सर यकृतात पसरलाय, आता औषधाने वेळ मिळेल पण फार नाही. तू काचेवरचं धुकं बाहीने पुसत राहिलास. ड्रोहेडातला तो बारीक पाऊस, ज्याला इथे कोणी पाऊसही म्हणत नाही. जुईला तुझा आजार माहीत होता, हे पसरल्याचं नाही. मी म्हटलं, "जुईला आज फोन करू या." आणि तू म्हणालास, "थांब. तिची टूर्नामेंट आहे."

बाप्पा. टूर्नामेंट!

मला ती टूर्नामेंट तू अनेकदा समजावली होतीस आणि मी दर वेळी विसरले होते. त्या दिवशी मात्र अशी डोक्यात बसली की आता मरेपर्यंत जायची नाही. जुईचं कॉलेज अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाला खेटून असलेल्या एका लहानशा गावात. आसपासच्या कॉलेजांची मिळून एक कॉन्फरन्स. हिवाळाभर त्या मुली एकमेकींशी आइस हॉकी खेळतात, आणि मार्च उजाडला की वरच्या आठ टीम्सची शेवटची स्पर्धा. पहिल्या फेरीत त्याच दोन टीम्स एकमेकींशी तीन सामने खेळणार, दोन जिंकेल ती पुढे. त्यानंतर उपांत्य आणि अंतिम, एकेकच सामना. जी हरली तिचा सीझन संपला, बॅग भरायची. आपली जुई अडीच वर्षं दुसऱ्या नंबरची गोलकीपर म्हणून बाकावर बसून होती. फेब्रुवारीत पहिलीचा गुडघा गेला आणि हिला उभं केलं.

"सातव्या नंबरवर आहेत," तू म्हणालास. ऑफिसात प्रोजेक्टचं प्लॅनिंग करायचास ना, तसलाच आवाज. "गाठ दोन नंबरच्या टीमशी, तीही त्यांच्याच रिंकवर. शुक्रवारी हरतील, शनिवारी हरतील. रविवारी तू फोन कर. हरली की येईल घरी. सोमवारी इथे असेल. तेवढं खेळू दे तिला."

मी म्हटलं, "अरे, माझ्या वॉर्डात मी दर आठवड्याला लोकांना हेच सांगते. कोणी ऑस्ट्रेलियात असेल, कॅनडात असेल, तर आता बोलावून घ्या, वाट बघू नका. आणि माझ्याच घरात मी वाट बघू?"

"ते तुझे पेशंट," तू म्हणालास. "मी तुझा पेशंट नाही, नवरा आहे. तिच्या आयुष्यात हे एकदाच येणार आहे, नीलिमा. माझं काय व्हायचं ते ठरलेलंच आहे, ती इथे येऊन बसल्याने ते बदलणार नाही. तिला बापाच्या उशाशी बसवायला मी दहा वर्षं गाडी चालवलेली नाही." आणि मग तुझं ते पुणेरी 'असो'. तुझ्या त्या 'असो'पुढे माझं आजवर कधी काही चाललेलं नाही. मी हो म्हटलं. काही दिवसांचाच तर प्रश्न होता.

गाडी चालवल्याचं मात्र खरं. त्याबद्दल मी तुला जिवंतपणी कधी बरं म्हटलं नाही, ते आता म्हणते.

या देशात बर्फावर खेळायला धड जागा नाही. तिला वेड लागलं ते नाताळात गावात तात्पुरता रिंक घालतात तिथे. सात वर्षांची होती. तू तिच्याबरोबर उतरलास आणि बर्फावर पाय ठेवताच असा गडबडलास की लहान पोरांना धरायला ठेवतात तो प्लॅस्टिकचा पेंग्विन धरून उभा राहिलास. एवढा मोठा सीनियर आर्किटेक्ट, वाकून पेंग्विन ढकलतोय, आणि मागून पाच वर्षांची आयरिश पोरं हॉर्न दिल्यासारखी ओरडताहेत. मी कठड्याला धरून हसत होते. जुई मात्र कोणाचाही हात न धरता पुढे निघून गेली होती. वेळ संपल्यावर तिला बाहेर काढायला दोन माणसं लागली.

मग तू उत्तरेला, सीमेपलीकडे, बेलफास्टच्या बाजूला पोरांचा क्लब शोधून काढलास. दर शनिवारी उजाडायच्या आत तुम्ही दोघं निघायचात. तिकडचे बाप त्यांच्या त्या बोलीत काय बोलायचे ते तुला निम्मं कळायचं नाही, पण पोह्यांचा डबा उघडला की सगळे तुझ्याभोवती. 'युवर मॅन विथ द यलो राइस' म्हणायचे तुला. पोह्यांना राइस म्हटल्याचा तुला केवढा राग. स्केट्सना धार लावायला शिकलास. घरी आलं की तिचे ओले हातमोजे आणि पॅड्स आपल्या हॉट प्रेसमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या त्या कपाटात, वाळत घालायचास. माझ्या धुतलेल्या टॉवेलांना कुबट वास. मी ओरडायचे, की हे दात पाडून घ्यायचे धंदे बंद करा, मुलीला मेडिसिनला घालायचंय. तू म्हणायचास, "अगं, गोलकीपरला जाळीचा मुखवटा असतो, दात शाबूत राहतात." माझा मुद्दा दातांचा नव्हताच आणि ते तुला चांगलं माहीत होतं.

तिने मेडिसिन घेतलं नाही. अमेरिकेला गेली. विमानतळावर तू रडला नाहीस, मी रडले, आणि घरी येऊन तू हॉट प्रेसचं दार उघडून उगीच आत बघत उभा राहिलास. मी ते पाहिलं होतं.

तर तो पहिला शुक्रवार. पुढच्या खोलीत तुझी कॉट लावलेली, पाठीला उशा, पोटावर लॅपटॉप. मी स्वयंपाकघरात गेले आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवला. माझी आई ठेवायची, मनासारखं होईपर्यंत देव पाण्यात. मी स्वतः कधी ठेवला नव्हता, दहावी-बारावीलासुद्धा नाही. तू बाथरूमला जाताना पाहिलंस.

"हे काय?"

"त्या हराव्यात म्हणून."

तू भिंतीला धरून हसलास. खोकला येईपर्यंत. "मुलीची टीम हरावी म्हणून देव पाण्यात घालणारी जगातली पहिली आई तू." मी म्हटलं, "आणि पोरीने बापाला बघू नये म्हणून धडपडणारा पहिला बाप तू." आपलं असंच चालायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हे दोघं आज वेगळे होतात की उद्या.

आणि त्या जिंकल्या. जुईने काय काय अडवलं त्या दिवशी. तो पक, ती काळी रबरी चकती, मला दिसायचीसुद्धा नाही. फक्त एवढंच दिसायचं की समोरच्या मुलींचे हात वर जायला निघालेत आणि मग खाली येताहेत. तू प्रत्येक वेळी 'वा' म्हणत होतास, तबल्याला दाद द्यावी तशी. शनिवारी हरल्या. मी रात्री निवांत झोपले. रविवारी संपेल, सोमवारी येईल.

रविवारी आठला सामना, म्हणून पावणेआठला मी तुला सूप दिलं, उशा सारख्या केल्या, आरामात लॅपटॉप उघडला. पाहतो तर सामन्याचा दुसरा भाग सुरू झालेला आणि जुईवर एक गोल चढलेला. अमेरिकेची घड्याळं त्याच दिवशी सकाळी एक तास पुढे गेली होती. आपली महिनाअखेरीला जातात. मार्चातले हे दोन-तीन आठवडे अंतर पाचाऐवजी चार तासांचं होतं, हे इथे अमेरिकेबरोबर काम करणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि तू? अख्ख्या ऑफिसला दर मार्चमध्ये मेल पाठवून बजावणारा तू. आई-बाबांना पुण्याहून कधी फोन करायचा तेही लिहून देणारा तू. पंधरा वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस चुकला. तुला इतका राग आला स्वतःचा की तू डोळे मिटून घेतलेस.

मी म्हटलं, "जाऊ दे रे, एकच तर भाग गेला." वॉर्डात एखादी बायको सांगते, 'डॉक्टर, काल यांना आमच्या गल्लीचं नाव आठवेना,' तेव्हा मी मान डोलावते आणि मनात समजते, की आता दिवस थोडे. त्या संध्याकाळी मला तेवढं समजायला हवं होतं. समजलंही असेल. मी ते बाजूला सारलं, कारण समोर माझी मुलगी खेळत होती.

बरोबरी झाली. जादा वेळ. जो पहिला गोल करेल तो जिंकला. आणि त्यात एकदा समोरची मुलगी एकटीच सुटून जुईच्या अंगावर आली, आणि जुई आडवी पडली आणि पायाने तो पक अडवला, आणि मी, देव पाण्यात घालणारी मी, उभी राहून ओरडले, "शाब्बास माझी वाघीण." तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. त्यानंतर दोन मिनिटांत आपल्या मुलींनी गोल केला. तू रडत होतास. सामना संपला की दोन्ही टीम्स रांग लावून एकमेकींशी हात मिळवतात, ते तुला सगळ्यात आवडायचं. मुखवटा वर करून, घामेजलेली जुई त्या रांगेतून जात होती आणि तू स्क्रीनवर तिच्या तोंडावर बोट ठेवलंस. माझ्या डोक्यात मात्र एकच, की आता आणखी एक आठवडा.

मी म्हटलं, "पुरे. उद्या फोन करते." तू म्हणालास, "पुढच्या शनिवारी एक नंबरशी आहे. तिथे हरणारच. चार-पाच दिवसांनी काय होतंय?" मी तुझं पोट तपासलं, नाडी बघितली, नर्सशी बोलले. मलाही वाटलं, दोन-तीन आठवडे आहेत. हे मी तुला सोडवायला म्हणत नाही, मला खरंच तसं वाटलं होतं.

सोमवारी तिचाच फोन आला. तुझ्याशी बोलायचं होतं. तू आदल्याच दिवशी स्वेटर घालून, कॅमेरा छातीच्या वर धरून बोलला होतास आणि त्यात दमला होतास. आता आवाजच निघत नव्हता. तू मला खूण केलीस, झोपलाय म्हणून सांग. तिने मला विचारलं, "आई, इज ही ओके? लाइक, रिअली?" मी तुझ्याकडे बघितलं. तू दोन्ही हात जोडलेस. मी म्हटलं, "थकलाय गं फक्त. तू खेळाकडे लक्ष दे."

तिला जे माफ करता येत नाहीये ते हे वाक्य आहे. तिने सरळ विचारलं होतं आणि मी सरळ खोटं बोलले. तुझे जोडलेले हात तिला दिसले नव्हते.

बुधवारी मी तुला म्हटलं, निदान तिच्यासाठी काहीतरी रेकॉर्ड करून ठेव. "शनिवारनंतर," म्हणालास. गुरुवारी दुपारी दहीभाताचे दोन घास खाल्लेस आणि म्हणालास, "या वेळी टाइम नीट बघून ठेव." मी म्हटलं, "ठेवलाय." वाटी ठेवायला आत गेले आणि परत आले तर तू श्वासासाठी धडपडत होतास. फुफ्फुसात गुठळी. या आजारात होतं असं, मी विद्यार्थ्यांना शिकवते. मी तुला धरून बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि ते मला नेमकं माहीत होतं, हाच काय तो माझ्या शिक्षणाचा उपयोग.

जुईला फोन मीच केला. तिचा आवाज मला इथे लिहायचा नाही.

ती शनिवारी सकाळी पोचली. त्याच संध्याकाळी तिकडे पहिल्या वर्षाची एक मुलगी गोलात उभी राहिली आणि त्या सपाटून हरल्या. म्हणजे हिला ना सामना मिळाला, ना बाप. तुझा तो नीट आखलेला प्लॅन, मिलिंद. मला कधीकधी तुझा इतका राग येतो की तुझी कॉट ठेवली होती त्या खोलीत मी पाय ठेवत नाही.

शेजारची मॉरीन रोज येते. पहिल्या दिवशी सँडविचेसचा डोंगर घेऊन आली आणि माझे हात धरून 'सॉरी फॉर युवर ट्रबल' म्हणाली. इथे सगळे तेच म्हणतात, आणि खरं सांगते, बरं वाटतं. आपल्याकडची मंडळी मात्र फोन करून 'असं अचानक कसं झालं' विचारतात. मॉरीनने भांडी घासताना तो गणपती पाण्यात बघितला. आपल्यात अशी अंघोळ घालत असतील असं समजून तिने त्याला स्वच्छ टॉवेलने हळूहळू पुसला आणि खिडकीत ठेवला. सुतकात देवाला हात लावायचा नसतो. तिने लावला ते बरं झालं, माझ्याने काढवला नसता.

इथवर लिहून मी थांबले होते. तुला विचारत बसले होते काय करू म्हणून, आणि तू कधी वेळेवर उत्तर देणाऱ्यातला नव्हतासच. काल दुपारी ते आपोआप झालं.

जुई जिन्यात बसून बॅग भरत होती. रविवारी जाते म्हणाली. मी विचारलं, तुझं हॉकीचं सामान तिकडेच आहे का, की पाठवणार आहेत. ती मान वर न करता म्हणाली, "दे कॅन कीप इट. आयॅम डन विथ हॉकी, आई. आय मेसेज्ड द कोच."

मी म्हटलं, "ते चालणार नाही."

"व्हॉट्स इट टू यू? यू नेव्हर इव्हन लाइक्ड इट."

खोटं काय होतं त्यात? पण तिने ते सोडलं तर तुझे ते शेवटचे दोन आठवडे कशासाठी गेले, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मला राहवेना. मी सांगितलं. पार्किंगमधलं, 'हरली की येईल घरी' हे, रविवारचं, सोमवारी तिच्या फोनच्या वेळी तू जोडलेले हात. काही राखून ठेवलं नाही. ती हातात अर्धा घडी केलेला टी-शर्ट धरून ऐकत होती.

"सो ही डिसायडेड," ती म्हणाली.

"हो."

मग ती उठली. आणि मिलिंद, तुला ठाऊक आहे तिला मराठी कळतं पण ती बोलत नाही. गेल्या किती वर्षांत आपण विचारायचं मराठीत आणि तिने उत्तर द्यायचं इंग्रजीत. ती मराठीत ओरडली. "त्याने मला विचारलं का? आई, एकदा तरी विचारलं का मला?" आणि मग तिचं ते खास इथलं इंग्रजी सुरू झालं आणि त्यात तुला नाही नाही ते म्हणाली. सेल्फिश म्हणाली. तुला स्वतःलाच तो सामना बघायचा होता आणि तू तिचं नाव पुढे केलंस, म्हणाली.

"खबरदार," मी म्हटलं. "बापाला स्वार्थी म्हणायचं काम नाही." आणि मी सुरू झाले. उजाडायच्या आतली ती गाडी, उत्तरेतली ती थंडी, ते हातमोजे. त्याला तू नको होतीस असं वाटतं का तुला? दाराची बेल वाजली की दर वेळी मान वळवायचा, पोस्टमन असला तरी. तुझ्या आयुष्यात ते एकदाच येणार होतं. त्याचं काय व्हायचं ते ठरलेलंच होतं. तुला बापाच्या उशाशी बसवायला त्याने दहा वर्षं गाडी चालवली नव्हती. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की ही सगळी तुझी वाक्यं आहेत. गाडीत बसून ज्यांच्यावर मी तुटून पडले होते तीच, शब्दाला शब्द. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तुझी बाजू घेतली, आणि ती ऐकायला तू नव्हतास.

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग खाली पायरीवर बसली आणि हळू आवाजात, एकेक शब्द शोधत, मराठीतच म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी सगळे गोल सोडले असते, आई. सगळे."

मी तिच्याशेजारी बसले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली, गेल्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याजवळ. मधेच तुझ्यावर चिडायची, मधेच तुला हाका मारायची. मॉरीन दारापर्यंत येऊन तशीच परत गेली.

रविवारचं तिकीट तिने पुढे ढकललंय. खेळणार की नाही ते अजून सांगत नाही, मी विचारणारही नाही. आज सकाळी ती खाली आली आणि मी विचारायच्या आत म्हणाली, "मला चहा." मग कप हातात घेऊन तासभर तुझ्याविरुद्ध बोलत होती. मी ऐकून घेतलं, दोनदा तुझ्या वतीने भांडलेही. तुझं नाव मला राखता आलं नाही, मिलिंद. मुलगी राखली. तिला तुझा राग करू दे. आता तुला काही दुखत नाही, तेवढं तू सोस.